आरोग्य परिणाम मूल्यमापन

आरोग्य परिणाम मूल्यमापन म्हणजे एखादे धोरण, योजना किंवा प्रकल्प अमलात येण्यापूर्वी त्याचे लोकांच्या आरोग्यावर कोणते परिणाम होतील आणि ते समाजातल्या कोणत्या गटाच्या वाट्याला येतील, याचा पद्धतशीर अंदाज घेऊन तो निर्णयकर्त्यांपुढे ठेवण्याची पद्धत. रस्ते, घरबांधणी, ऊर्जा, शेती, कर, वेतन अशा आरोग्य खात्याच्या कक्षेबाहेरच्या निर्णयांसाठी ती मुख्यतः वापरली जाते. दवाखाना आजारी माणसाला बरे करतो. माणूस आजारी पडेल की नाही, हे मात्र बरेचसे तो कुठे राहतो, किती कमावतो, कोणत्या हवेत श्वास घेतो आणि कामावर कसा जातो यांवर ठरते. या गोष्टींचे निर्णय होतात त्या बैठकांत आरोग्याची बाजू मांडणारे सहसा कुणी नसते. ती बाजू निर्णय होण्याआधी तिथे पोहोचवणे, हे या मूल्यमापनाचे काम.

हे आधी का करायचे, ते पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीच्या उदाहरणावरून कळते. नदीच्या मुखाजवळचे दियामा धरण १९८६ मध्ये पूर्ण झाले. समुद्राचे खारे पाणी नदीत शिरू नये आणि शेतीला गोडे पाणी मिळावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो साध्यही झाला. पण खारेपणा हटल्यावर शिस्टोसोमियासिस या (पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून शिरणाऱ्या कृमींमुळे होणाऱ्या) रोगाच्या परजीवीला आसरा देणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी तिथे फोफावल्या. रिशार-तोल या ऊसशेतीच्या गावात १९८८ मध्ये आतड्यांच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण आढळले आणि थोड्याच वर्षांत मोठी साथ उभी राहिली. धरणाच्या आराखड्यात पाणी, पीक आणि जहाजवाहतूक यांचा हिशेब होता. पाण्यात उतरणाऱ्या माणसांच्या आरोग्याला त्यात हवे तेवढे स्थान मिळाले नव्हते.

या पद्धतीला दोन मुळे आहेत. एक पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाचे. अमेरिकेत १९७० पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने मोठ्या सरकारी कामांचे परिणाम आधी तपासण्याची प्रथा पाडली आणि ती जगभर पसरली. त्या तपासणीत हवा, पाणी, आवाज यांच्या मर्यादा मोजल्या जातात. आरोग्य आले तरी बहुधा विषारी द्रव्यांपुरते येते, आणि सरकारी धोरणे अनेकदा तिच्या कक्षेत येतच नाहीत. दुसरे मूळ सार्वजनिक आरोग्याच्या विचारातले. आरोग्यसंवर्धनावरील आंतरराष्ट्रीय परिषदेत संमत झालेल्या १९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्यपोषक सार्वजनिक धोरण ही सगळ्या खात्यांची जबाबदारी मानली. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय शाखेच्या पुढाकाराने तयार झालेल्या गोथेनबर्ग सहमती-पत्राने आज प्रचलित असलेली व्याख्या दिली. परिणाम लोकसंख्येत ‘कसा वाटला जातो’ हे पाहणे त्या व्याख्येतच अंतर्भूत आहे. लोकशाही, समन्याय, शाश्वत विकास आणि पुराव्याचा प्रामाणिक वापर ही चार मूल्येही त्याच पत्रात आली.

कामाची सुरुवात छाननीने होते : या प्रस्तावाचे मूल्यमापन करण्याजोगे काही आहे का, आणि निर्णय अजून खुला आहे का? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. निर्णय पक्का झाल्यावर केलेले मूल्यमापन कितीही काटेकोर असले तरी कपाटात जाते. नंतर व्याप्ती ठरवतात, म्हणजे कोणते परिणाम, कोणते लोक आणि किती काळ, हे निश्चित करतात. इथे प्रस्तावापासून आरोग्यापर्यंतची साखळी कडीकडीने मांडावी लागते. बस सेवा वाढली तर थांब्यापर्यंत चालणे वाढेल, खासगी गाड्या घटतील, अपघात आणि धूर कमी होतील, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना दवाखाना व नोकरी जवळ येईल. यातल्या प्रत्येक कडीला पुरावा आहे की नुसता समज, हे तपासणे म्हणजे प्रत्यक्ष मूल्यमापन. पुढे शिफारशी, अहवाल आणि पाठपुरावा येतो. काही मूल्यमापने उपलब्ध कागदपत्रांवरून थोड्या दिवसांत उरकतात, काहींना सर्वेक्षणासह वर्षभराहून अधिक काळ लागतो.

सरासरीने इथे फार फसगत होते. शहराबाहेरून वळणरस्ता काढला की मध्यवस्तीतली हवा सुधारते आणि शहराची सरासरी चांगली दिसते. पण रहदारी नाहीशी झालेली नसते, ती नव्या रस्त्याकडेच्या वस्तीत गेलेली असते. तिथे जमीन स्वस्त असल्याने बहुधा गरीब माणसेच राहतात. म्हणून मुले, वृद्ध, आधीपासून आजारी असलेले, कमी उत्पन्नाचे अशा गटांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे. एकूण फायदा-तोटा सांगणारी साधने पुष्कळ आहेत; कुणाचा फायदा आणि कुणाचा तोटा हे विचारणारी थोडी.

सॅन फ्रान्सिस्कोतील दोन प्रकरणे या विषयात नेहमी सांगितली जातात. १९९९ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाने शहराच्या प्रस्तावित निर्वाह-वेतनाचे, म्हणजे जगण्याच्या मूलभूत गरजा भागतील इतक्या किमान वेतनाचे, मूल्यमापन केले. तासाला ११ डॉलर वेतन दिल्यास कामगारांच्या अकाली मृत्यूच्या धोक्यावर, नैराश्याच्या लक्षणांवर आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होईल, याचा अंदाज उत्पन्न आणि आरोग्य यांच्या संबंधावरील आधीच्या संशोधनावरून बांधला गेला. वेतनाचा वाद तोवर अर्थशास्त्राच्या भाषेत चालला होता. त्यात आयुष्याच्या वर्षांची भाषा आली. दुसरे प्रकरण २००३ मधले. ट्रिनिटी प्लाझा ही भाडेनियंत्रित घरांची जुनी इमारत पाडून तिथे विक्रीची घरे बांधण्याचा प्रस्ताव होता. भाडेकरूंचे विस्थापन हा पर्यावरणीय तपासणीचा विषय मानला गेला नव्हता. घर गेल्याने येणारा ताण, दाटीची वस्ती, महाग भाड्यापायी अन्न आणि औषधांवर होणारी काटकसर, शेजारपाजाऱ्यांचा तुटणारा आधार हे सगळे आरोग्यावरचेच परिणाम आहेत, असे आरोग्य विभागाने पुराव्यानिशी मांडले. नियोजन विभागाने ते विचारात घेतले. भाडेकरूंच्या संघटित लढ्याची त्याला जोड मिळाली आणि अखेर बिल्डरने ३६० घरे भाडेनियंत्रणाखालीच नव्याने बांधून देण्याचे मान्य केले. हे यश केवळ अहवालाचे मानणे चुकीचे ठरेल, पण त्या भाडेकरूंच्या हाती एक भक्कम कागद होता.

कायद्याचा आधार देशोदेशी वेगवेगळा आहे. कॅनडातील क्वेबेकच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचे कलम ५४ आरोग्यमंत्र्याला सरकारचा सल्लागार ठरवते आणि आरोग्यावर लक्षणीय परिणाम करू शकणारे कायदे व नियम आखताना इतर मंत्र्यांना त्याचा सल्ला घेणे भाग पाडते. वेल्समध्ये २०१७ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांवर ठरावीक परिस्थितीत असे मूल्यमापन करण्याचे बंधन घालण्याची तरतूद केली. थायलंडमध्ये हा नागरिकांचा हक्क झाला. तिथल्या २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्यानुसार व्यक्ती किंवा गट मूल्यमापनाची मागणी करू शकतो. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने गंभीर परिणामांची शक्यता असलेल्या प्रकल्पांसाठी ते आवश्यक ठरवले. या तरतुदीच्या आधारे २००९ मध्ये मध्यवर्ती प्रशासकीय न्यायालयाने माप ता फुत या औद्योगिक पट्ट्यातले ७६ प्रकल्प थांबवले. पुढे वरिष्ठ न्यायालयाने त्यांतल्या ११ प्रकल्पांना मोकळीक दिली, पण ६५ प्रकल्पांवरची स्थगिती तूर्त कायम ठेवली.

मर्यादाही खऱ्या आहेत. हवेतील सूक्ष्म कणांचा मृत्यूदराशी असलेला संबंध आकड्यांत सांगता येतो. वस्ती विखुरल्याने येणारे एकाकीपण तसे सांगता येत नाही. मग आकडा असलेला परिणाम चर्चेत पुढे सरकतो आणि आकडा नसलेला मागे पडतो. अशा वेळी परिणामाची दिशा, तीव्रता आणि खात्री शब्दांत स्पष्ट लिहावी लागते, अंदाजाला खोटी अचूकता देऊ नये. प्रकल्प उभारणाऱ्यानेच सल्लागार नेमून पैसे दिले असतील तर निष्कर्ष सौम्य होण्याची भीती राहते. स्थानिकांशी झालेली चर्चा कधी निव्वळ सहीपुरती उरते, आणि तिथेच मूल्यमापन सर्वांत दुबळे होते. कारण कोणत्या विहिरीचे पाणी प्यायचे आणि मुले कोणत्या रस्त्याने शाळेत जातात, ही माहिती तज्ज्ञांच्या तक्त्यांत नसते. सगळ्यांत दुर्लक्षित टप्पा पाठपुराव्याचा. शिफारशी पाळल्या गेल्या का आणि वर्तवलेले परिणाम खरेच घडले का, हे पाहायला अनेकदा पैसाही नसतो आणि नेमून दिलेला माणूसही. त्यामुळे पुढच्या मूल्यमापनाला मागच्या चुकांचा फायदा मिळत नाही.