खाणीतलं जिप्सम आणि फॉस्फोजिप्सम: काम एकच, पण रेडियमचं काय?

भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणाऱ्या दांड्या) सुटायला लागल्या की जिप्समची शोधाशोध सुरू होते, चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमीनवाले तर ते टनानेच टाकतात, पण दुकानात मिळतंय ते नेमकं कुठलं हे फार कमी जण विचारतात. एक राजस्थानातनं येतं, बिकानेर-नागौर-जैसलमेरकडच्या खाणींतलं, आणि दुसरं खत कारखान्याच्या मागच्या ढिगातलं, म्हणजे फॉस्फोजिप्सम. दोन्ही कॅल्शियम सल्फेटच आहे आणि शेतात कामही तेच करतं, म्हणजे कॅल्शियम मातीतल्या सोडियमला हटवतं आणि पिकाला गंधक मिळतं. मग मधेच व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो की कारखान्याचं जिप्सम रेडिओॲक्टिव्ह आहे, हात लावू नका. त्यात रेडियम हा रेडिओॲक्टिव्ह धातू असतो, म्हणून ते रेडिओॲक्टिव्ह आहे हे खरंच आहे, पण किती आहे आणि भीती नक्की कुठे बाळगायची हे त्या मेसेजमधे कधीच नसतं.

खाणीतल्याचं थोडक्यात सांगतो. खारं पाणी आटून साचलेले हे थर. त्यात माती-वाळू मिसळलेली असते त्यामुळे शुद्धता कमीजास्त होते, पण रेडियम अगदी नगण्य. साध्या मातीत जगाच्या सरासरीने किलोमागे ३०-३५ बेकरेल रेडियम असतंच (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं), खाणीतल्या जिप्सममधे बहुतेक वेळा त्याहूनही कमी निघतं.

फॉस्फोजिप्समची गोष्ट लांबची आहे. आपल्याकडे रॉक फॉस्फेट, म्हणजे ज्यापासून फॉस्फरसची खतं बनतात तो खडक, बरंचसं बाहेरून येतं, मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगो असं, आणि हा बहुतेक खडक समुद्राच्या तळाशी साचून झालेला. तो साचताना समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम त्यात अडकलं आणि कोट्यवधी वर्षांत त्या युरेनियमपासून रेडियम तयार होत राहिलं. कारखान्यात हा खडक दळून त्यावर सल्फ्युरिक ॲसिड सोडतात, त्यातनं फॉस्फोरिक ॲसिड मिळतं आणि फिल्टरवर जो ओला पांढुरका गाळ उरतो ते फॉस्फोजिप्सम. इथेच खरी फाटाफूट होते. युरेनियम बरंचसं ॲसिडबरोबर पुढे जातं, पण रेडियमचे रासायनिक गुण कॅल्शियमसारखेच, त्यामुळे ते जिप्समच्या स्फटिकात जाऊन बसतं, खडकातलं साधारण ८० टक्के रेडियम ह्या गाळातच राहतं. किलोमागे काहीशे बेकरेल, कधी हजाराच्याही वर. पण रशियाच्या कोला भागातल्या अग्निजन्य खडकापासून केलं तर हा आकडा खूपच खाली येतो, म्हणजे सगळं फॉस्फोजिप्सम एका मापाने मोजणंही चूकच.

आणि ही एक गोष्ट तर कोणीच सांगत नाही, सिंगल सुपर फॉस्फेट बनवताना हा गाळ वेगळा काढतच नाहीत. खडक आणि ॲसिड एकत्र होऊन जे बनतं तेच वाळवून पोत्यात भरतात, त्यामुळे जिप्सम आणि त्यातलं रेडियम दोन्ही एसएसपीच्या पोत्यातच असतात. डीएपी फॉस्फोरिक ॲसिडपासून बनतं, म्हणून त्यात रेडियम कमी आणि युरेनियम जास्त. म्हणजे जो फॉस्फोजिप्समला घाबरतोय त्याने एसएसपी वर्षानुवर्षं टाकलेलंच असतं.

आता शेताचा हिशोब करून बघा. एकरातला वरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण ८५० टन माती, किलोला ३० बेकरेल धरले तरी त्यात अडीच कोटी बेकरेल रेडियम आधीपासून आहे. त्यात ५०० बेकरेलवालं फॉस्फोजिप्सम २०० किलो टाकलं तर भर पडते एक लाखाची, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. चोपण सुधारायला दोन टन टाकलं तर ४ टक्के. दरवर्षी टनावारी टाकत राहिलात तर ते साठत जाणार, कारण रेडियमचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) १६०० वर्षं आहे, पण भुईमुगाच्या डोसाला घाबरायचं कारण मला तरी दिसत नाही.

मला काळजी वाटते ती ढिगांची. एक टन फॉस्फोरिक ॲसिडमागे (फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशोबाने) जवळपास ५ टन गाळ निघतो, मग तो ठेवायचा कुठे? अमेरिकेतल्या फ्लोरिडात असे सुमारे १०० कोटी टन डोंगरासारखे रचून ठेवलेत आणि त्यांच्या माथ्यावर आम्लयुक्त पाण्याची तळी आहेत. २०१६ मधे तिथल्या न्यू वेल्सच्या खत कारखान्यात ढिगाखालची जमीन खचली आणि ते पाणी थेट भूजलात गेलं. २०२१ मधे पायनी पॉइंटच्या खत कारखान्याचं तळं गळायला लागलं तेव्हा आसपासची घरं रिकामी करावी लागली आणि जवळपास ८० कोटी लिटर पाणी टँपाच्या खाडीत सोडलं गेलं, आणि तो कारखाना तर कधीचाच बंद पडलेला होता! स्पेनमधे उएल्व्हाला टिंटो नदीकाठच्या खाजणात १० कोटी टनांच्या आसपास पडलंय, २०१० च्या शेवटी तिथे टाकणं थांबलं पण ढीग तिथेच आहे. कारखाना पन्नास वर्षं चालणार, रेडियम हजारो वर्षं राहणार, आणि जमीन मात्र शेजारच्या गावाची, हे मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

घराचं अजून वेगळं. रेडियम फुटलं की रेडॉन वायू होतो, उघड्या शेतात तो वाऱ्याबरोबर निघून जातो, बंद खोलीत साठतो आणि तो श्वासात जाणं हे फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण आहे. म्हणून भिंतीच्या पॅनेलला वापरायचं तर तपासणी हवीच. मुंबईत ट्रॉम्ब्याला आरसीएफ ह्या सरकारी खत कंपनीनेही ह्याच गाळापासून पॅनेल बनवायचा प्लांट टाकला होता. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने बांधकामाच्या मालासाठी ग्रॅमला १ बेकरेल, म्हणजे किलोला १०००, ही रेडियमची पातळी धरलीये. अमेरिकेत शेतीसाठीसुद्धा किलोला ३७० च्या वर चालत नाही, आणि रस्त्याच्या कामाला २०२० मधे दिलेली परवानगी पुढच्याच वर्षी मागे घेतली.

दुकानात ओळखायचं तर फॉस्फोजिप्सम बारीक, दमट, राखाडी-पांढरं असतं आणि त्यात उरलेल्या ॲसिडमुळे ते आंबट, पीएच कमी. चोपण जमिनीला तो आंबटपणा उलट फायद्याचाच पडतो. खाणीतलं कोरडं असतं, खडे असतात. ट्रक भरून घेणार असाल, मग ते गटाने घ्या नाहीतर सोसायटीमार्फत, तर विकणाऱ्याकडे खडक कुठला आणि रेडियम किती ह्याचा रिपोर्ट मागा, टाकताना तोंडाला फडकं बांधा, आणि उरलेली पोती राहत्या खोलीत न ठेवता बाहेरच्या शेडमधे ठेवा.