लॉगिनचा शहा कोण?

गेल्या महिन्यात आमच्या इंदूरच्या विजयनगरमधल्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीने डेटाबेस उघडला, टेबलं वरखाली केली आणि विचारलं, "दादा, यात पासवर्डचा कॉलमच नाहीये. मग लोक आत येतात कसे?"

तिचं चुकलं नव्हतं. कॉलेजच्या प्रोजेक्टात पहिलं टेबल यूजर्सचंच असतं. आम्हीही तेच शिकलो. 2005 साली एएसपी डॉट नेटची (वेबसाइटी बांधायच्या मायक्रोसॉफ्टच्या चौकटीची) 2.0 आवृत्ती आली, तेव्हा एक कमांड चालवली की नाव, पासवर्ड, रोल यांची टेबलं आपोआप तयार व्हायची. आम्हाला त्याचं कोण अप्रूप! प्रत्येक ॲप्लिकेशनची आपली वेगळी खानेसुमारी, आणि एका माणसाचे दहा ठिकाणी दहा पासवर्ड.

ओळख दुसरंच कुणी पटवून देतं, आपण फक्त त्याची सही तपासतो, असं म्हणत तिला टोकन (ओळखीची सही केलेली चिठ्ठी), क्लेम (त्यातला माणसाबद्दलचा दावा), आयडेंटिटी प्रोव्हायडर (ती चिठ्ठी देणारा) हे सगळं सांगता सांगता मला आजोबा आठवले. ते इथल्या सराफ्यात एका पेढीवर मुनीम होते. (सराफा म्हटलं की बाहेरच्यांना आता फक्त रात्रीचे गराडू आणि भुट्ट्याचा कीस आठवतो. तिथे एके काळी हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठ्या, वटायच्या, हे मुद्दाम सांगावं लागतं.) दर्शनी, मुदती, धनीजोग, शहाजोग असे हुंडीचे प्रकार ते बोटांवर मोजून दाखवायचे. शहाजोग हुंडी घेऊन कुणीही उपटसुंभ पेढीवर आला तर त्याला पैसे मिळत नसत. ती 'शहा'च्या, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्याच्या हातूनच वटायची. पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर पैसे परत करायची जबाबदारी त्या शहाची. पैसे मोजणारा हुंडी आणणाऱ्याला ओळखत नसे, शहाला ओळखत असे. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टनेही देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रिवाजांना हात लावला नाही.

वेबवर असा शहा मिळायला बरीच वर्षं लागली.

पासवर्ड मुळात एकाच मशीनपुरता होता. 1960 च्या दशकात एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली बांधली. संगणक एक आणि वापरणारे अनेक, म्हणून ज्याच्या त्याच्या फाइलींना कुलूप हवं होतं. पुढे त्याच मशीनवर एकदा पासवर्डची फाइल आणि रोजचा स्वागतसंदेश यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्याच्या पुढ्यात सगळ्यांचे पासवर्ड आले. पासवर्ड एका जागी साठवला की काय होतं, हे तेव्हाच कळलं होतं.

एमआयटीतच 1983 मध्ये प्रोजेक्ट अथीना सुरू झाला आणि त्यातून कर्बेरॉस निघालं. त्याची बैठक नीडहॅम आणि श्रोडर यांनी 1978 साली मांडलेल्या पद्धतीवर होती. पासवर्डची खातरजमा मधला एक सर्व्हर करणार आणि तुम्हाला तिकीट देणार. मग प्रिंटर असो की फाइल सर्व्हर, तिकीट दाखवा आणि काम करून घ्या. विंडोज 2000 ने हेच उचललं आणि जगभरच्या ऑफिसांतून सकाळी एकदा केलेलं लॉगिन दिवसभर पुरू लागलं. पण ही सोय वाड्याच्या आतली. दिंडीदरवाज्याबाहेर त्या तिकिटाला कुणी विचारत नसे, आणि वेब तर सगळीच दरवाज्याबाहेर होती.

बाहेरच्या जगासाठी पहिला मोठा डाव मायक्रोसॉफ्टने टाकला. 1999 मध्ये पासपोर्ट आलं: एकच खातं, सगळ्या साइटी, आणि मधला शहा म्हणजे मायक्रोसॉफ्ट. त्याच वर्षी ऐन नाताळात कंपनी पासपोर्टच्या डोमेनचं नूतनीकरण करायला विसरली आणि हॉटमेलवाल्यांचं लॉगिन अडलं. एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरून ते सोडवलं. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण बाजाराने त्यातून धडा घेतला: सगळ्या पेढ्यांना मिळून शहा एकच असला आणि त्याने दुकान उघडायला उशीर केला, तर सगळा बाजार बंद. 2001 मध्ये हेलस्टॉर्म नावाने लोकांची माहितीही मायक्रोसॉफ्टकडे ठेवायची टूम निघाली, तेव्हा इतर कंपन्या बिथरल्या. त्याच सप्टेंबरात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या पुढाकाराने लिबर्टी अलायन्स ही कंपन्यांची आघाडी उभी राहिली. 2002 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पासपोर्टच्या सुरक्षेच्या आणि खासगीपणाच्या दाव्यांवर मायक्रोसॉफ्टला तडजोड करायला लावली. मग ईबेनेही पासपोर्ट सोडलं.

लिबर्टीवाल्यांचं म्हणणं माझ्या आजोबांना लगेच पटलं असतं. शहा अनेक असू देत, प्रत्येकाची आपली पत, आणि कोण कुणाची हुंडी घेणार हे दोघांनी आधी बसून ठरवायचं. यालाच फेडरेशन म्हणायचं. 2002 च्या नोव्हेंबरात ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेकडून सॅमल 1.0 आलं, म्हणजे ओळखीचे दावे कसे लिहून पाठवायचे याचं प्रमाण. मार्च 2005 मध्ये आलेल्या सॅमल 2.0 मध्ये लिबर्टीचं काम आणि शिबोलेथ ही विद्यापीठांची लॉगिन प्रणाली दोन्ही मिसळलं. शिबोलेथ हे नाव बायबलमधल्या एका कथेतलं. तो शब्द नीट उच्चारता आला नाही की माणूस शत्रूकडचा ठरायचा. आमच्याकडे 'भिया' (म्हणजे भैया) कसं म्हणतो त्यावरून इंदूरकर ओळखतात, तसंच काहीसं. फक्त इथे न जमणाऱ्याला चहा पाजून सोडतात. दरम्यान 2003 मध्ये आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएस-फेडरेशन हा वेगळा सवतासुभा मांडलाच होता. दोन्ही बोली येणारं सॉफ्टवेअर शोधण्यात आमच्या पिढीची बरीच वर्षं गेली.

क्लेम हा शब्द मायक्रोसॉफ्टच्या जगात रुजवला तिथले आयडेंटिटी आर्किटेक्ट किम कॅमेरून यांनी. 2005 मध्ये त्यांनी ओळखीचे सात नियम मांडले. पासपोर्ट का फसलं याचं उत्तर त्यातल्या तिसऱ्या नियमात आहे: ज्याचा व्यवहाराशी रास्त संबंध आहे, त्यालाच ओळखीच्या देवघेवीत जागा. त्यांची क्लेमची व्याख्याही मार्मिक होती. एखादी गोष्ट खरी असल्याचं प्रतिपादन, आणि तेही बहुधा वादात किंवा संशयात असलेल्या गोष्टीचं. मराठीतल्या 'दावा' या शब्दात ही संशयाची छटा आधीपासूनच आहे. माणूस कोर्टात दावा लावतो, तेव्हा समोरचा तो मान्य करणार नाही हे गृहीतच असतं.

म्हणजे टोकनमध्ये 'ही अमुक बाई, लेखा विभागात आहे' असं लिहिलेलं असलं, तरी ते सत्य नव्हे. तो कुणीतरी सहीनिशी केलेला दावा. मानायचा की नाही, हे ॲप्लिकेशनने ठरवायचं. सॅमलचं टोकन उघडून पाहिलं तर आत हुंडीसारखाच ऐवज दिसतो. कुणी दिलं, कुणासाठी दिलं, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत चालेल, माणसाबद्दलचे दावे आणि शेवटी सही. 'कुणासाठी' हा रकाना नवखे लोक हमखास तपासायचा राहू देतात. मग दुसऱ्याच ॲप्लिकेशनसाठी काढलेलं टोकन आपल्याकडे वटतं.

कॅमेरून यांच्या कल्पनेतलं कार्डस्पेस, म्हणजे ओळखीची कार्डं ठेवायचं पाकीट, विंडोज व्हिस्टाबरोबर आलं, कुणी वापरलं नाही, आणि 2011 मध्ये गुंडाळलं गेलं. टिकली ती त्यामागची बैठक. ॲप्लिकेशनला टोकन वाचता यावं म्हणून विंडोज आयडेंटिटी फाउंडेशन 2009 च्या अखेरीस आलं, कंपनीच्या विंडोज खात्यांवरून टोकन देणारं एडीएफएस 2.0 मे 2010 मध्ये, आणि 2012 च्या डॉट नेट 4.5 मध्ये क्लेम थेट फ्रेमवर्कच्या पायात बसवले गेले. आधी कोडमध्ये विचारायचो, हा मॅनेजर आहे का? आता विचारू लागलो, याच्याबद्दल कोण काय म्हणतंय?

त्या दिवसांतला एक प्रसंग अजून आठवतो. एका गिऱ्हाईक कंपनीसाठी आम्ही बिलांचं ॲप्लिकेशन केलं होतं. ओळख द्यायची त्यांच्या एडीएफएसने, आम्ही फक्त सही तपासायची. वर्षभर सुरळीत चाललं. एका सोमवारी सकाळी मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो आणि फोन आला: एकालाही आत जाता येत नाहीये. लॉगमध्ये आयडी4175, म्हणजे टोकन देणारा ओळखीचा नाही. तिकडचा ॲडमिन शपथेवर सांगत होता, "साहेब, आम्ही काही बदललंच नाही." आणि तो खरंच बोलत होता. एडीएफएस सही करायचं सर्टिफिकेट स्वतःच बनवतं. ते एक वर्ष चालतं. मुदत संपायच्या 20 दिवस आधी नवं तयार होतं आणि त्यानंतर 5 दिवसांनी तेच मुख्य होऊन बसतं, कुणाला न विचारता. आमच्या कॉन्फिग फाइलीत जुन्या सर्टिफिकेटचा ठसा मी माझ्या हाताने चिकटवला होता. शहाने सहीचं वळण बदललं होतं आणि आमची पेढी जुना नमुना समोर धरून बसली होती. नवा ठसा टाकायला चार मिनिटं लागली. त्यांचा मेटाडेटा (चालू सर्टिफिकेटसकट त्यांनी जाहीर केलेली माहिती) आपोआप वाचायचा, हा शहाणपणा त्यानंतरचा.

सही तपासली म्हणजे संपलं, असंही नाही. 2012 मध्ये बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी सॅमलच्या 14 प्रणाली तपासल्या, त्यांतल्या 11 फसल्या. युक्ती अशी: सॅमल ज्या एक्सएमएल रूपात लिहितात, त्यात सही केलेला खरा मजकूर बाजूला सारायचा आणि ॲप्लिकेशन जिथे वाचतं तिथे बनावट मजकूर ठेवायचा. सही तपासणारा एकीकडे पाहतो, वाचणारा दुसरीकडे. शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उठवत, ती खाली कुणी ओळ वाढवू नये म्हणून. एक्सएमएल रचणाऱ्यांना ही मर्यादा नेमकी कुठे संपते हे सांगणं जड गेलं. आणि 2020 च्या शेवटी उघडकीला आलेल्या, सोलरविंड्स कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या हल्ल्यात तर चोरांनी सहीची किल्लीच नेली. मग टोकन बनावट म्हणायचं तरी कसं? सही तर खरी होती.

दुसरी वाट सामान्य वापरकर्त्यांच्या बाजूने आली. लाइव्हजर्नल या ब्लॉगसाइटचे ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी 2005 मध्ये ओपनआयडी काढलं: एकाच ओळखीने अनेक साइटींवर जायचं. तेव्हा नव्या साइटी मित्रांची यादी आणण्यासाठी बेधडक तुमच्या मेलचा पासवर्ड मागायच्या. त्यावर उतारा म्हणून 2007 मध्ये ओऑथ आलं: पासवर्ड न देता साइटीला ठरावीक गोष्टीचीच परवानगी. 2012 मध्ये ओऑथ 2.0 प्रमाण झालं, तोवर त्याचे प्रमुख संपादक एरन हॅमर वैतागून बाहेर पडले होते. ओऑथ परवानगी देतं, ओळख सांगत नाही, तरी लोक त्यावरच लॉगिन बांधत सुटले. तो गोंधळ फेब्रुवारी 2014 मध्ये ओपनआयडी कनेक्टने मिटवला. आज 'गूगलने लॉगिन करा' या बटणामागे हेच असतं आणि टोकन जेसन वेब टोकनच्या रूपात येतं. दोन टिंबांनी तोडलेले तीन तुकडे, आणि सुरुवात बहुतेक वेळा ई-वाय-जे. महिनाभर हे काम केलं की ही तीन अक्षरं झोपेतही दिसतात.

आपल्याकडे हे सगळं थोडं वेगळ्या क्रमाने आलं. विद्यापीठांसाठी गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र शिबोलेथवर आधारलेलं इन्फेड चालवतं. विद्यार्थ्याची ओळख त्याची संस्था देते, जर्नल देणारा प्रकाशक ती मानतो. सरकारी बाजूला जुलै 2022 मध्ये मेरी पहचान ही सरकारी साइटींसाठीची एकच लॉगिनची सोय आली. त्यात डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय असे तीन शहा आहेत, ज्याच्याकडे खातं असेल त्याच्याकडून या. मध्य प्रदेशात मात्र प्रत्येक खिडकीवर आधी राज्य सरकारचा समग्र आयडी विचारतात, कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी. तो नुसता क्रमांक आहे. सांगणारा तोच माणूस आहे, याचा दावा त्यात कुणीही केलेला नाही.

हे सगळं ऐकून त्या मुलीने दोन दिवसांत यूजर टेबल नव्याने मांडलं. पासवर्ड नव्हताच, पण माणूस ओळखायची किल्ली म्हणून तिने ईमेलचा कॉलम धरला होता. मी तो बदलायला लावला. माणूस नोकरी सोडतो, कंपनी तोच ईमेल पुढच्याला देते आणि जुन्याची बिलं नव्याला दिसू लागतात. आता तिथे दोन कॉलम आहेत: टोकन कुणी दिलं, आणि देणाऱ्याने त्या माणसाला दिलेला क्रमांक. दोन्ही मिळून किल्ली.

"आणि नाव?" तिने विचारलं.

"ते ठेव," म्हटलं, "पडद्यावर 'नमस्कार' म्हणायला लागतं."