थायरॉइडची गोळी: ब्रँड की जेनेरिक?

१०० मायक्रोग्रॅमच्या थायरॉइडच्या गोळीत औषध, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, असते जेमतेम एक दशांश मिलिग्रॅम. बाकीची गोळी म्हणजे लॅक्टोज किंवा मॅनिटॉल, स्टार्च, रंग अशी भर. ही भर ओलावा किती धरते आणि गोळी पोटात किती लवकर विरघळते, यावर रक्तात किती लिव्होथायरॉक्सिन पोहोचणार हे बरेचसे ठरते. रेणू मात्र ब्रँडमध्ये आणि जेनेरिकमध्ये (म्हणजे त्याच औषधाच्या, नामांकित ब्रँडशिवायच्या स्वस्त गोळीत) एकच.

अमेरिकेत संशोधक बेटी डाँग यांनी सिंथ्रॉइड आणि लेव्हॉक्सिल या दोन ब्रँडची दोन जेनेरिक गोळ्यांशी तुलना केली. चारही गोळ्या समतुल्य निघाल्या. अभ्यासाला पैसा सिंथ्रॉइडच्या कंपनीचा होता आणि तिनेच तो अडवून धरला. १९९० मध्ये पूर्ण झालेले काम छापून यायला १९९७ उजाडले. तोवर महागडी गोळीच खात्रीची, हा समज डॉक्टरांमध्येही घट्ट बसला होता.

उलट उदाहरण फ्रान्सचे. तिथे २०१७ मध्ये लेव्होथायरॉक्स या प्रस्थापित ब्रँडने लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातले. हेतू चांगला होता: मुदत संपेपर्यंत गोळीची ताकद टिकावी. तरीही थकवा, डोकेदुखी, केस गळणे अशा हजारो तक्रारी आल्या आणि जुनी गोळी तात्पुरती परत आणावी लागली. खोक्यावरचे नाव तेच होते!

म्हणून आमचे मत असे: स्वस्त गोळी खुशाल घ्या, पण दर महिन्याला वेगळी नको. अमेरिकेत २००७ पर्यंत गोळीत औषध छापील मात्रेच्या ९० ते ११० टक्क्यांपर्यंत चालत असे. नंतर ही मर्यादा ९५ ते १०५ केली गेली. कारण रक्तातले थायरॉक्सिन (थायरॉइडचे संप्रेरक) थोडे हलले तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, कितीतरी पटींनी हलतो.

आपल्याकडे केमिस्ट ‘तेच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची बाटली देतो, तेव्हा आधी त्यावरचे मायक्रोग्रॅम वाचा आणि बदलाची तारीख लिहून ठेवा. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. हे औषध निम्मे व्हायला शरीरात सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते.

आकडा बिघडला तर लगेच कंपनीला दोष देऊ नका. गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतली होती ना? कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांपासून तिचे चार तासांचे अंतर होते ना? बाटली गॅसच्या ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात तर नव्हती? उष्णता आणि दमटपणा हे औषध खातात. पावसाळ्यात कोकणात तर बाटलीचे झाकण घट्टच हवे.

गरोदर स्त्रिया, हृदयरुग्ण आणि थायरॉइडच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये.