पार्श्वभूमी : रोजगार हमीपासून लाडक्या बहिणीपर्यंत, तिजोरीच्या बाजूने

लाडक्या बहिणीचा हप्ता पुढे-मागे झाला की महाराष्ट्रात तोच वाद पुन्हा पेटतो. तिजोरी लुटवली, असे एका बाजूचे म्हणणे. उद्योगांना दिले की प्रोत्साहन आणि बाईच्या खात्यात पंधराशे टाकले की रेवडी, हा दुसऱ्या बाजूचा सवाल. काटकसर आणि कल्याण यांचे जन्मजात वैर आहे, हे मात्र दोघांनीही धरून चाललेले असते. या राज्यात निदान एकदा तरी तसे झाले नव्हते. देशभर ज्या योजनेचा गवगवा झाला, त्या रोजगार हमीने येताना स्वतःचा कर सोबत आणला होता. त्या कराचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय आजचा वाद नीट उलगडत नाही.

१९७२चा दुष्काळ, मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडणारी माणसे हे सगळे घराघरांत सांगितले गेले आहे. इथे तारखांचा क्रम तेवढा पाहायचा. ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना दुष्काळातून निघाली असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ती आधीची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ मध्येच तिचा छोटा प्रयोग झाला होता. १ मे १९७२ रोजी योजना राज्यासाठी सुरू झाली, आणि लगेच दुष्काळाने तिला बाजूला सारले. दुष्काळी कामांवर माणसांची एवढी रीघ लागली की हमीची वेगळी कामे काढण्यात अर्थच उरला नाही. १९७३च्या उन्हाळ्यात या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. योजना पुन्हा उभी राहिली ती पाऊस झाल्यावर, आणि खरा प्रश्न तेव्हाच आला. दुष्काळ जाहीर असतो तोवर केंद्राची मदत मागता येते. एरवीच्या वर्षी खेड्यातल्या मजुराला काम देण्याचे पैसे कुठून काढायचे?

कर्ज काढायचे नाही आणि दुसऱ्या खात्याची तरतूदही कापायची नाही, असे ठरले. नवा कर बसवायचा, तो या एकाच कामासाठी, आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या पदरची घालायची. १ एप्रिल १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लागू झाला. पगाराच्या पावतीवर ‘पी.टी.’ म्हणून जी कपात दिसते, ती हीच. तिच्या जोडीला मोटार वाहन कर आणि विक्रीकर यांवर अधिभार आले, बागायती जमिनीवर खास आकारणी आली, जमीन महसुलावर वाढ आली. त्यातही व्यवसाय कराचा वाटा मोठा, आणि तो भरणार मुख्यतः शहरातला पगारदार. कारकून, बँकवाला, गिरणीतला जॉबर, दवाखाना टाकून बसलेला डॉक्टर. त्यातही मुंबईचा भार सर्वांत जास्त.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली आणि अभ्यासक आजही त्यावर एकमत नाहीत. गावातल्या बड्या शेतकऱ्याने योजनेला पाठिंबा दिला कारण तिचे बिल शहर भरत होते, असे एक मत आहे. शिवाय मजूर तालुक्यातच राहिला, तर सुगीला हाताशी मिळतो. दुसरे मत याच्या उलट आहे. हमीच्या कामामुळे मजुराला ‘नाही येत जा’ म्हणायची सोय झाली, म्हणून बागायतदार पहिल्यापासून कुरकुरत होता, असे ते सांगते. दोन्ही मतांत तथ्य असावे. सांगली-कोल्हापूरच्या बागायतीत आणि बीड-उस्मानाबादच्या कोरडवाहूत एकच गणित कसे चालेल? शहरी बाजूची तक्रार मात्र सरळ होती. ज्या रस्त्यावरून आपण कधी जाणार नाही, त्याची खडी आपल्या पगारातून का फोडायची? तिला एक उत्तर असे दिले जाई की काम नसलेला माणूस शेवटी मुंबईच्याच फूटपाथवर येतो. हे उत्तर फारसे उदात्त नाही, पण करदात्याला पटण्यासारखे होते.

माझ्या मते या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट कर नव्हती, सरकारची भर होती. जमलेल्या रकमेएवढी रक्कम तिजोरीतून घालायची, हे बंधन कायद्यात लिहिले गेले. रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. खर्चातला किमान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर. आणि या सगळ्यासाठी वेगळा निधी. आज ज्याला वित्तीय शिस्त म्हणतात, त्याच्या बहुतेक अटी यात होत्या. योजनेचा खर्च कुठून येणार हे आधी सांगितलेले, खर्च वाढला तर कोणाला किती झळ बसेल हे दिसणारे, आणि मजुराचा हक्क कायद्याने बांधलेला. काटकसरीचे कट्टर समर्थक आणि हमीचे कट्टर समर्थक यांना एकाच कागदावर सही करता आली असती, असा तो मजकूर होता.

कागद तसाच राहिला. निधी मात्र हिशेबाच्या वहीपुरताच राहिला. कराचे पैसे थेट निधीत पडत नसत. आधी ते राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे सगळ्या जमाखर्चाच्या सामाईक खात्यात येत, आणि तिथून विधिमंडळाच्या मंजुरीने रोजगार हमी निधीकडे वर्ग व्हायचे. हे वर्ग करणे लांबू लागले आणि सरकारची भर अपुरी पडू लागली. नव्वदच्या दशकात तर या करांचे उत्पन्न योजनेच्या खर्चापुढे निघून गेले. लेखापरीक्षणाच्या अहवालांत यावर शेरे आले आणि विधिमंडळात प्रश्नही झाले. कर मजुराच्या नावाने घेतला जात होता आणि उरलेला भाग सरकारच्या रोजच्या खर्चाला उपयोगी पडत होता. पगारातून पी.टी. कापून घेणाऱ्या कोणाला हे कळायचे कारण नव्हते.

खर्च मागे का पडला, याचे मोठे कारण १९८८ मध्ये सापडते. त्या वर्षी शेतमजुरांचे किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि हमीची मजुरी त्याला बांधलेली असल्याने तीही वाढली. मजुरांची मागणी वाढायला हवी होती; कामाचे दिवस मात्र काही वर्षांत निम्म्याच्या आसपास उतरले. कायद्यातला एकही शब्द बदलला नव्हता. कामे मंजूर होईनात, अर्ज घेतले जाईनात, पावती मिळेना. काम मागितल्याचा पुरावाच नसेल तर बेकारी भत्त्याचा प्रश्न कुठून येणार? अर्थशास्त्रज्ञांनी पुढे याचा हिशेब मांडून दाखवले, की हमी कागदावर ठेवून कामाचे रेशनिंग झाले होते. भारतातली बरीचशी काटकसर अशी तहसील कचेरीच्या खिडकीवर होते; अर्थसंकल्पाच्या भाषणात तिचा उल्लेख नसतो.

योजनेचा पैसाही हळूहळू दुसरीकडे वळत होता. १९९० पासून फळबाग लागवड हमीला जोडली गेली. सोलापूरचे डाळिंब, कोकणातला आंबा आणि काजू यांच्या विस्तारात तिचा हात मोठा आहे, आणि ते यश नाकारण्याचे कारण नाही. पण फळबागेला जमीन लागते, आणि भूमिहीनाला तिथे मिळते ती खड्डे खणण्याची मजुरी. बाग मालकाची.

पुढची पंधरा वर्षे घाईने पाहिली तरी चालतील. पाचव्या वेतन आयोगाचा भार, कापूस एकाधिकार खरेदीचा तोटा, सिंचन महामंडळांनी सरकारी हमीवर उभारलेले रोखे. विसाव्या शतकाच्या अखेरीस राज्य ओढगस्तीला आले होते. २००४ आणि २००५ ही दोन वर्षे मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहेत. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कृषिपंपांना शून्य वीजबिल जाहीर झाले. तीच आघाडी पुन्हा सत्तेवर आली आणि वर्षभरात, मुख्यमंत्री बदललेले असताना, ते मागे घेतले गेले. त्याच २००५ मध्ये राज्याने राजकोषीय उत्तरदायित्वाचा, म्हणजे तुटीला मर्यादा घालणारा कायदा केला, आणि १ नोव्हेंबरपासून नोकरीत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. तो कायदा काही अचानक सुचलेल्या शहाणपणातून आला नव्हता. असा कायदा करणाऱ्या राज्यांना केंद्राच्या कर्जात सवलत मिळेल, अशी बाराव्या वित्त आयोगाची शिफारस होती. त्यातल्या, राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांपर्यंतच तूट ठेवण्याच्या मर्यादेचे मूळ युरोपातल्या १९९२च्या मास्ट्रिख्ट करारात आहे. विदर्भात शेतकरी आत्महत्यांची चर्चा रोज होत असताना ही मर्यादा इथे आली.

मर्यादेला माझा विरोध नाही. तिच्या मोजमापाबद्दल मात्र तक्रार आहे. या हिशेबात पूल भांडवली, म्हणजे मालमत्ता उभी करणारा खर्च असतो, आणि अंगणवाडी सेविकेचे मानधन किंवा नर्सचा पगार महसुली, म्हणजे रोजचा चालू खर्च. तूट आवरायची वेळ आली की अधिकारी अशा ठिकाणी हात घालतो जिथे आरडाओरड होणार नाही. पदे रिक्त ठेवली जातात, आश्रमशाळेची दुरुस्ती पुढच्या वर्षावर जाते. महाराष्ट्राने तीन टक्क्यांची मर्यादा बहुतेक वर्षे पाळली, आणि त्याचे कौतुकही झाले. ती कशाच्या जोरावर पाळली, हे जिल्हा रुग्णालयातल्या रिकाम्या खुर्च्या सांगतात.

२००६ मध्ये केंद्राची रोजगार हमी आली. कुटुंबामागे शंभर दिवस, आणि अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर. राज्याने आपला कायदा त्याला जुळवून घेतला. शंभर दिवसांपुढचे काम राज्याच्या अंगावर राहिले. म्हणजे ज्या खर्चासाठी व्यवसाय कर आला, त्याचा मोठा भाग तेव्हा दिल्ली उचलू लागली. कर चालूच राहिला. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. ही कमाल मर्यादा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. ती १९८८ मध्ये अडीचशेवरून अडीच हजारांवर नेली गेली आणि तेव्हापासून हललेली नाही. महिना पाच लाख मिळवणारा आणि महिना पंधरा हजार मिळवणारा पुरुष आज सारखाच व्यवसाय कर भरतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकरावरच्या अधिभाराचा जुना मार्गही बंद झाला. १९७५ मध्ये राज्य सरकार एखाद्या योजनेसाठी नवा कर बसवू शकत होते. आता मुख्यतः मुद्रांक, मद्य, वाहने, इंधन हीच कवाडे हातात आहेत. कल्याणावरचा खर्च आज कर्जाकडे झुकतो, त्याला पुढाऱ्यांच्या हौसेइतकेच हेही कारण आहे. काटकसरवाल्यांच्या भाषणांत ते क्वचितच ऐकू येते.

त्याच २०१७ मध्ये पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर कर्जमाफी जाहीर झाली. आकडा सांगितला गेला ३४,०२२ कोटी. २०१९च्या अखेरीस सरकार बदलले आणि दोन लाखांपर्यंतची दुसरी माफी आली. दोन्हींसाठी वेगळा कर नव्हता. रेवडी हा शब्द राष्ट्रीय वादात आला जुलै २०२२ मध्ये, बुंदेलखंडातल्या एका महामार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधान मोदींनी केलेल्या भाषणातून. मोफत आश्वासनांचा प्रश्न त्याआधीच न्यायालयात जाऊन आला होता. जाहीरनाम्यातले आश्वासन हा निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले होते. २०२२ मध्ये ते प्रकरण फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे सोपवले गेले. रेवडी म्हणणारे आणि वाटणारे पुढे एकाच व्यासपीठावर दिसू लागले, हे वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ९,७३४ कोटी धरली होती. लोकसभेचा निकाल लागला, आणि २८ जूनच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात तोच आकडा २०,०५१ कोटी झाला. या चार महिन्यांच्या अंतरात लाडकी बहीण आली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्नाच्या बाईला महिना दीड हजार, वर्षाचा अंदाज ४६,००० कोटी. पहिले पैसे राखीपौर्णिमेच्या सुमारास खात्यात पडले, नोव्हेंबरमध्ये मतदान झाले आणि प्रचारात रक्कम २,१०० करण्याचे वचन आले. योजना सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या नावाच्या खात्यात आपला पैसा पहिल्यांदाच पाहणाऱ्या बायका या राज्यात कमी नाहीत, आणि दीड हजारात महिन्याचा गॅस आणि पोरांच्या वह्या निघतात. पण तिच्यामागे रोजगार हमीसारखा अधिनियम नाही. ती शासन निर्णयावर चालते. नाव वगळले गेले तर मजुराला निदान कागदावर जो भत्ता मागता येत होता, तसे मागण्यासारखे बहिणीच्या हाती काही नाही.

निवडणुकीनंतर हिशेब उलट्या दिशेने सुरू झाला. २०२५-२६ साठी तरतूद ३६,००० कोटींवर आली. महसुली तुटीचा अंदाज मात्र ४५,८९१ कोटींवर गेला. छाननीत लाखो नावे अपात्र ठरली, त्यांत हजारो पुरुष निघाले, आणि ई-केवायसी सक्तीची झाली. सणाला शंभर रुपयांत मिळणारा आनंदाचा शिधा बंद पडला. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी या योजनेकडे वळवल्यावर मंत्रिमंडळातूनच नाराजी बाहेर आली. एका गरिबाच्या ताटातून काढून दुसऱ्याला वाढणे ही काटकसर नव्हे, एवढे तरी मान्य व्हायला हवे होते.

जून २०२५ मध्ये सरकारने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला १४,००० कोटी जादा मिळतील असे सांगितले. जुलैत बारमालकांनी एक दिवस दुकाने बंद ठेवून निषेध केला. पन्नास वर्षांनी एका मोठ्या योजनेच्या पाठोपाठ पुन्हा एक मोठी करवाढ आली होती, पण दोघींची गाठ कायद्याने घातलेली नाही. हे पैसे एकत्रित निधीत जातात, आणि तिथून पगार, व्याज, रस्ते, बहिणी, सगळ्यांचेच भागवले जाते.