मशीन आधी आलं, मराठी मागून: मराठवाड्यातल्या कॉलेज शिक्षणाची पार्श्वभूमी

ऑनलाइन लेक्चर, स्वयंम (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल), एआय यांच्यावर सध्या जी चर्चा चालते त्यात मराठवाड्याचा विषय निघाला की गाडी नेटवर्क आणि लाईटवर येऊन थांबते. ते खरंच आहे, पण अर्धंच. माझ्या मते आपल्याकडं कॉलेजातलं शिक्षण अडलं ते जास्त करून भाषेपाशी, आणि हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं सगळं शिक्षण उर्दूतून. इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणायला वेगळं भाषांतर खातंच काढलं होतं, शास्त्राची, कायद्याची, इतिहासाची पुस्तकं उर्दूत छापली जायची. म्हणजे देशी भाषेत पदवीपर्यंत शिकवता येतं हे त्या काळातच सिद्ध झालं होतं. फक्त ती भाषा मराठी नव्हती. परभणी-नांदेडच्या मराठी पोरानं आधी उर्दू पक्की करायची, मग हैदराबाद गाठायचं, घरची ऐपत असेल तर.

१९५० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झालं, १४ जानेवारी १९९४ ला त्याचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आलं. आर्ट्सला मराठीतून पेपर लिहिता येऊ लागले पण सायन्स इंग्रजीतच राहिलं. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानं पदवीसाठी मराठी पुस्तकं काढली, फार चांगलं काम होतं ते, पण सायन्सच्या वर्गात इंग्रजी पुस्तकच चालत राहिलं.

मग टीव्ही आला. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला, इन्सॅट-१बी उपग्रहावरून. कल्पना भारी होती, लहान गावातल्या कॉलेजलाही मोठ्या शहरातल्यासारखं शिकायला मिळावं. पण कार्यक्रम बहुतेक इंग्रजीत, आणि ते टीव्हीवरचं भरभर बोलणं मराठी शाळेतून आलेल्या एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) पोराला झेपायचं नाही. सॅटेलाइटचा सिग्नल गावात पोचला, धडा पोचला नाही.

याच्या उलट उदाहरण १९८९ चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. तंत्र म्हणाल तर साधंच, छापील पुस्तकं आणि जवळच्या कॉलेजात रविवारचं अभ्यास केंद्र. पण पुस्तकं मराठीत! आपल्याकडं शेती करता करता, नोकरी सांभाळून, लग्न झाल्यावर किती बायका-माणसं यातून ग्रॅज्युएट झाली ते आपापल्या गावात बघा. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

२००१ ला एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) आलं, त्यांच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या प्राथमिक कोर्सच्या निमित्तानं तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटरला हात लागला, तोही मराठी पुस्तकावरून, लोडशेडिंगमधून वेळ काढून. २००३ ला आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल, म्हणजे व्हिडिओ लेक्चरांचा प्रकल्प, सुरू झालं, इंजिनिअरिंगचे उत्तम प्राध्यापक फुकटात. त्या काळात कुणीतरी शहरातून लेक्चर डाउनलोड करून पेन ड्राइव्हमधून आणायचं आणि अख्ख्या होस्टेलवर ते फिरायचं. आणि परीक्षा जवळ आली की ती लेक्चरं बाजूला, कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात हातानं लिहिलेल्या नोट्सचे गठ्ठे, त्यात इंग्रजी व्याख्या आणि बाजूला पेन्सिलीनं मराठी अर्थ. पोरं अभ्यास करायची ती त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर.

सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि पहिल्यांदाच मराठीतून समजावून सांगणारी लोकं यूट्यूबवर मोठ्या संख्येनं दिसायला लागली. स्पर्धा परीक्षेची जास्त, बीएस्सीची कमी. २०१७ ला सरकारचं स्वयंम पोर्टल आलं, पुढं एका सत्रातल्या कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स त्यावरून करून त्यांचे क्रेडिट (श्रेयांक) पदवीत धरायची मुभा यूजीसीनं दिली, पण तिथंही बहुतेक कोर्स इंग्रजीतच.

मार्च २०२० च्या लॉकडाउननं हे सगळं एकदम उघड्यावर आणलं. एका घरात एक मोबाईल आणि शिकणारी तीन भावंडं, रेंजसाठी माळावर जाऊन बसायचं, कॅमेरा बंद, माईक बंद, सर तिकडं पीपीटी वाचतायत. वर्गात सर इंग्रजी वाक्य वाचून लगेच मराठीत फोड करायचे, पोरांच्या चेहऱ्यावरून त्यांना कळायचं की डोक्यावरून गेलं. ऑनलाइनमध्ये चेहरेच दिसेनात, तर फोड कुठं करायची हे कसं कळणार? २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असं सांगितल्यावर तर पोरांची फारच धांदल उडाली.

२०२१-२२ पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) मराठीसह प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंगला परवानगी दिलीय, पुस्तकांची भाषांतरंही चालू आहेत. आणि आता पोरं मोबाईलला मराठीत बोलून थर्मोडायनॅमिक्स विचारतात, एआय मराठीतच उत्तर देतं. उत्तर ओघवतं असतं पण कधी चुकीचंही असतं, आणि ते पडताळायला भरवशाचं मराठी पुस्तक हाताशी नसतं. आपल्या दोन्ही विद्यापीठांच्या सायन्स विभागांनी सिलॅबसप्रमाणं मराठी नोट्स तयार करून, नीट तपासून वेबसाइटवर टाकाव्यात, पीडीएफ हलकी असावी, टूजीवर उतरेल अशी. सुरुवात एफवायच्या फिजिक्स आणि केमिस्ट्रीपासून केली तरी चालेल.