एर्मिताज आणि क्रोझ-एर्मिताज: कोणती मुरवावी, कोणती लवकर उघडावी

फ्रान्समध्ये रोन नदीच्या उत्तर खोऱ्यात, ल्योंच्या दक्षिणेला, तां-लेर्मिताज हे नदीकाठचे छोटे गाव आहे. गावाच्या पाठीशी असलेल्या दक्षिणाभिमुख टेकडीवर जी वाइन होते ती एर्मिताज, आणि त्या टेकडीला वेढून असलेल्या अकरा गावांच्या शिवारात होते ती क्रोझ-एर्मिताज. दोन्हींच्या रेड वाइनचे द्राक्ष एकच, सिरा, म्हणजे आपल्या नाशिककडे ज्याला शिराझ म्हणतात तेच. दोन्हींना 1937 साली नियंत्रित भौगोलिक नामाचा दर्जा मिळाला, आणि दोन्हींत 15 टक्क्यांपर्यंत मार्सान व रूसान ही पांढरी द्राक्षे मिसळण्याची मुभा आहे. लेबलांत इतके साम्य असताना क्रोझ म्हणजे स्वस्तातली एर्मिताज, असा समज होणे साहजिक आहे. पण या समजापायी बाटली नको त्या वेळी उघडली जाते.

मुळात फरक जमिनीचा आहे. एर्मिताजचे क्षेत्र जेमतेम 135 हेक्टरांच्या आसपास, तर क्रोझचे 1,700 हेक्टरांहून अधिक. टेकडीच्या पश्चिम अंगाला, ‘ले बेसार’ या भागात, ग्रॅनाइटचा उतार इतका तीव्र आहे की माती वाहून जाऊ नये म्हणून दगडी बांध घालावे लागतात आणि सारी तोडणी हातानेच करावी लागते. तिथल्या द्राक्षांतून वाइनला कणा मिळतो, म्हणजे घट्ट टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारे तुरट द्रव्य) आणि करारीपणा. त्याला लागूनच असलेल्या ‘ल मेआल’मध्ये जुना गाळ व गोटे आहेत, ऊन भरपूर मिळते आणि वाइन अधिक भरदार, उबदार होते. शाव्ह हे इथले वाइन बनवणारे घराणे अशा अनेक तुकड्यांची वाइन वेगवेगळी तयार करून मग एकत्र जुळवते, तर शापुतिए हा दुसरा निर्माता काही तुकड्यांची वाइन स्वतंत्रपणे बाटलीत भरतो. मला स्वतःला पहिली रीत अधिक पटते, कारण टेकडीच्या एकाच भागात कणा आणि मांस दोन्ही क्वचितच पुरेसे सापडतात.

क्रोझचा मोठा भाग मात्र टेकडीच्या दक्षिणेला, ‘ले शासी’ या सपाट मैदानावर आहे. रोन आणि इझेर या नद्यांनी आणून टाकलेले गोलसर गोटे तिथे पसरलेले आहेत. यंत्राने तोडणी करता येते आणि वाइन फळाकडे झुकते. काळ्या फळांचा रसरशीतपणा, ऑलिव्ह व व्हायलेट फुलांचा वास आणि सिराच्या सालीतल्या रोटुंडोन या द्रव्यामुळे येणारा काळ्या मिरीचा वास, हे सारे क्रोझमध्ये पहिल्या काही वर्षांतच उघडपणे जाणवते. उत्तरेकडे जेर्वां गावाजवळ ग्रॅनाइट पुन्हा डोके वर काढतो आणि तिथली वाइन अधिक ताठ असते, म्हणून सगळ्या क्रोझला एकाच मापाने मोजणेही बरोबर नाही.

आता मुरण्याकडे वळू. वाइन नुसती जुनी झाली म्हणजे मुरली असे नाही. बाटलीत टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे रेणू हळूहळू एकमेकांना जोडले जातात, काही जड होऊन तळाशी गाळ म्हणून बसतात, रंग जांभळ्याकडून विटकरीकडे सरकतो आणि फळाचा वास मागे पडून चामडे, ओली माती व धुराचे वास पुढे येतात. या बदलाला लागणारे भांडवल, म्हणजे टॅनिन, आम्लता आणि फळाचा दाटपणा, सुरुवातीलाच हवे. एर्मिताजमध्ये ते एवढे असते की अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बोर्दोचे व्यापारी आपल्या हलक्या वाइनला जोर आणण्यासाठी तिची भर घालत आणि ते कुणाला वावगे वाटत नसे. झाबुले या निर्मात्यांची 1961 सालची ‘ला शापेल’ ही एर्मिताज गेल्या शतकातील थोर वाइनमध्ये गणली जाते. चांगल्या वर्षाची एर्मिताज दहा वर्षांआधी उघडू नये. ती वीस-तीस वर्षे सहज टिकते. मधल्या काळात ती अनेकदा मिटून बसते, तिला ना वास ना मोकळेपणा, आणि याच टप्प्यावर उघडणारा माणूस एवढे पैसे कशासाठी मोजले असे विचारतो.

बहुतेक क्रोझचे आयुष्य तीन ते आठ वर्षांचे असते. त्यापुढे ठेवली तर फळ ओसरते आणि त्याच्या जागी यायला हवी ती गुंतागुंत येतच नाही. उरतो तो नुसता आंबट कोरडेपणा. झाबुले यांच्याच ‘दोमेन द तालाबेर’सारखी क्रोझ चांगल्या वर्षी दहा-पंधरा वर्षांपर्यंत जाते, पण तो अपवाद आहे आणि निर्मात्याचे नाव पाहूनच त्यावर भिस्त ठेवावी.

तरुण एर्मिताज उघडायचीच असेल तर दोन-तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या भांड्यात, ओतून ठेवावी. त्याने ती थोडी सैल होते, मुरत मात्र नाही. क्रोझ किंचित गार, 16 अंशांच्या सुमारास द्यावी. आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्याने साठवणीचा हिशेब आधी करावा. या वाइनला 12 ते 14 अंशांचे स्थिर तापमान लागते, आपल्या घरातले कपाट एप्रिल-मेमध्ये तीस अंशांपुढे जाते आणि तशा दोन-तीन उन्हाळ्यांत एर्मिताजचे फळ अक्षरशः शिजून निघते. वाइनचा फ्रिज नसेल, तर त्याच पैशांत नामवंत निर्मात्याच्या तीन-चार क्रोझ घेऊन त्या वर्षभरात संपवणे शहाणपणाचे.