छोट्या टँकमध्ये सिक्लिड: कोणासोबत कोण राहील?

घरी दोन फुटी टँक आहे आणि त्यात सिक्लिड सोडायचे आहेत, अशा ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. सांगली, मिरज, तासगाव, आष्ट्याहून आमच्याकडे मासे परत घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते: "एकानं बाकीच्यांना मारून टाकलं." हे टाळता येतं, पण त्यासाठी मासे घेण्याआधीच थोडा विचार करावा लागतो.

सिक्लिड हे माशांचं फार मोठं कुळ आहे. एंजल, डिस्कस, ऑस्कर, रॅम, पॅरट, फ्लॉवरहॉर्न हे सगळे त्यातलेच. मासळीबाजारात येणारी चिलापी आणि केरळातला करिमीनही याच कुळातले. या कुळाचा मोठा गुण म्हणजे पिल्लांची राखण. सिक्लिडची जोडी अंडी घातली की त्यांच्यावर पंखांनी पाणी खेळवत राहते, बुरशी धरलेली अंडी वेचून काढते, आणि पिल्लं पोहायला लागली तरी त्यांना सोडत नाही. एवढं करायचं तर हद्द राखावी लागते. हद्दीत शिरेल त्याला ती जोडी हाकलणारच. तळ्यात किंवा नदीत हाकललेला मासा लांब निघून जातो. दोन फुटी टँकमध्ये त्याला जायला जागाच नसते, म्हणून तो मार खात राहतो.

आमच्या टँकमध्ये पंचवीस-तीस पिल्लं गुण्यागोविंदानं फिरताना दिसतात, कारण ती वयात आलेली नसतात. ते पाहून निवड करू नका.

आधी तळ मोजा

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर छप्पन्न लिटर पाणी मावतं. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा धरली तर हातात साधारण पंचेचाळीस लिटर उरतं. पण सिक्लिडच्या बाबतीत लिटरपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, कारण भांडणं तळावरच्या जागेवरून होतात. तुमच्याकडे दोन चौरस फूट तळ आहे. पिल्लांवर आलेली एक जोडी त्यातला अर्ध्याहून जास्त सहज अडवते. म्हणून आमचा सल्ला ठाम आहे: दोन फुटी टँकमध्ये सिक्लिडची एकच जात ठेवा, तीही, पुढे सांगितलेले अपवाद सोडले तर, एकच जोडी. बाकी सोबत मधल्या आणि वरच्या पाण्यात राहणाऱ्या माशांची असू द्या.

आम्ही काय सुचवतो

पहिली पसंती क्रिबेन्सिसला. हा पश्चिम आफ्रिकेतला मासा आहे. नर चार इंचांपर्यंत वाढतो, मादी तीनच्या आसपास. इथे मादी नरापेक्षा देखणी असते आणि अंड्यांवर आली की तिचं पोट पिकल्या चेरीसारखं लालबुंद होतं. त्यांना गुहा लागते. त्यासाठी प्लास्टिकचा किल्ला विकत घेऊ नका. संक्रांतीचं एखादं न रंगवलेलं सुगड घ्या, हळदकुंकू धुऊन काढा, दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा आणि तळाशी आडवं, तोंड काचेच्या बाजूला करून ठेवा. मादी आधी आत डोकावून जाते, मग तोंडात वाळू भरभरून बाहेर आणून टाकते आणि तोंडाशी छोटा बांध घालते. काही दिवसांनी ती आतच राहू लागली आणि नर बाहेर पहारा करू लागला, की अंडी पडली समजा. सोबत म्हणून आठ-दहा झेब्रा डॅनिओ किंवा ग्लोलाइट टेट्रा चालतील. कोरीडोरास मात्र यांच्यासोबत नको. ते तळ चाळत रात्री थेट अंड्यांवर जातात, क्रिबनं अंगावर येऊन दाखवलं तरी मागे सरत नाहीत, आणि शेवटी डोळ्यांना नाहीतर पंखांना इजा करून घेतात.

दुसरी पसंती रॅमची. दोन इंचांचा मासा, रंग अप्रतिम, स्वभाव सौम्य. अडचण पाण्याची. त्याला मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि गरम पाणी लागतं, सत्तावीस ते तीस अंश. निऑन टेट्राला एवढी ऊब फार काळ सोसत नाही. रमीनोज किंवा कार्डिनल टेट्राला सोसते, म्हणून सोबत त्यांचीच घ्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा हीटरशिवाय रॅम घेऊ नये. नवीन टँकमध्येही सोडू नये. निदान दीड-दोन महिने चाललेला, स्थिरावलेला टँक हवा.

अ‍ॅपिस्टोग्रामाही छोट्या टँकला उत्तम. त्यात एका नरासोबत दोन माद्या ठेवतात, आणि प्रत्येक मादीला स्वतंत्र आडोसा लागतो. दोन नर कधीही नको.

ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे, ज्यांच्या तोट्यांवर पांढरा थर साचतो, त्यांना रॅमसाठी पाणी मऊ करत बसण्याची गरज नाही. त्या पाण्यात खूश राहणारे सिक्लिडही आहेत. टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे मासे, मल्टीफासिएटस म्हणतात ते, दीड-दोन इंचांच्या वर जात नाहीत आणि त्यांना जड, क्षारयुक्त पाणीच मानवतं. बारीक वाळूचा दोन-अडीच इंच थर, त्यात गोगलगायींचे रिकामे शंख, एवढंच सामान. शेततळ्याकाठी सापडणारे मोठे शंख उकळून, आतून स्वच्छ करून वापरता येतात. प्रत्येक मासा आपला शंख निवडतो, भोवतालची वाळू उपसून तो हवा तसा बसवतो, आणि सावली पडली की क्षणात आत. यांची वसाहतच ठेवायची, सोबत दुसरं काही नको. हे मासे आमच्याकडे रोज नसतात, आधी सांगितलंत तर मागवून देऊ.

एंजलबद्दल थोडं सविस्तर

सर्वांत जास्त मागणी एंजलला, आणि सर्वांत जास्त तक्रारीही त्याच्याच. दुकानात तो रुपयाच्या नाण्याएवढा असतो. वर्षभरात अंगानं सहा इंच होतो आणि वरखालचे पंख धरले तर उंची त्याहून जास्त. एक फूट उंचीच्या टँकमध्ये त्याचे पंख वाकतात. एंजलला दीड फूट उंची हवीच.

लहानपणी त्याच्यासोबत सोडलेले निऑन सहा-आठ महिने मजेत राहतात, मग एकेक करून गायब होऊ लागतात. ग्राहकांना वाटतं फिल्टरनं ओढले. एंजलनं खाल्लेले असतात, कारण आता ते त्याच्या तोंडात मावतात. टायगर बार्बही नको, ते एंजलचे लांब पंख कुरतडतात. आणि काच साफ करायला म्हणून साधा सकर तर अजिबात नको. तो फूटभर, कधी त्याहूनही मोठा होतो. भूक लागली की रात्री एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. ब्रिसलनोज हा छोटा सकर घ्या, चार-पाच इंचांत थांबतो.

दोन फूट लांब आणि दीड फूट उंच टँक असेल तर जुळलेली एक जोडी ठेवा. चार पिल्लं नेली तर त्यातून एक जोडी जमेल आणि उरलेले दोन कोपऱ्यात जातील. ते दोन आम्ही परत घेतो.

हे छोट्या टँकसाठी देणार नाही

ऑस्कर दोन इंचांचा मिळतो आणि फूटभर होतो. फ्लॉवरहॉर्न हा माणसानं घडवलेला संकर आहे, तो मलेशियातून आला. त्याला शुभ मानून लोक नेतात, त्या भावनेचा आम्हाला आदर आहे, पण त्याला चार फुटी टँक आणि संपूर्ण एकांत लागतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले निळे-पिवळे सिक्लिड चार फुटांच्या आत नको. एकतर ते सतत भांडतात, शिवाय त्यातले बरेच दगडावरचं शेवाळ खाणारे असल्यानं मांसाहारी माशांचं खाणं त्यांच्या पोटाला बाधतं, पोट फुगून मरतात. कन्व्हिक्ट या सिक्लिडची जोडी दोन फुटात राहील, पण एकटीच. तिच्यासोबत दुसरं काही टिकत नाही.

भांडण सुरू झालं हे कसं ओळखाल

फाटलेली शेपटी दिसेपर्यंत थांबू नका. एखादा मासा वरच्या कोपऱ्यात, हीटर किंवा फिल्टरच्या नळीमागे उभा राहू लागला, रंग काळवंडला, खाणं टाकल्यावर पुढे येईना, तर त्याला कोणीतरी तिथे रोखून धरलं आहे. मार खाणाऱ्याला काढलं तर दांडगा दुसरा शोधतो, म्हणून आधी दांडग्याला बाहेर काढा. चार-पाच दिवस वेगळ्या टबात ठेवा, तेवढ्यात दगड, सुगडं, झाडं यांची जागा बदला. परत आल्यावर त्याला जुनी हद्द सापडत नाही. जागा बदलताना एका टोकावरून दुसरं टोक सरळ दिसणार नाही असं पाहा. दिसेनासा झालेला मासा सहसा पाठलागातून सुटतो. एवढं करूनही थांबत नसेल तर तो मासा आमच्याकडे आणा.

पण कृष्णेत किंवा विहिरीत सोडू नका. चिलापी परदेशातून 1952 साली देशात आणली गेली आणि आज ती जिकडेतिकडे आहे. उजनीत सकर वाढल्यानं मच्छीमारांची जाळी फाटतात. नको असलेला मासा आम्ही कधीही, कोणत्याही आकाराचा, परत घेऊ.

येताना टँकची लांबी, रुंदी, उंची लिहून आणा, आतल्या माशांचा मोबाईलवर एक फोटो काढा आणि घरच्या पाण्याची एक बाटली सोबत घ्या. पाणी नळाचं की बोअरचं ते बाटलीवर लिहा. पीएच आणि क्षार इथेच तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.